गेटचा म्हातारा

मॅट्रिकच्या इंग्रजीच्या पेपरात एक म्हातारा होता. चार-पाच ओळींचा उतारा, त्याचं मराठी करायचं. म्हातारा सकाळी उठतो, वाटेत भिजतो, घरी पोचतो, आजारी पडतो आणि शेवटी बरा होतो. एवढीच त्याची कथा. पण लिहिणाऱ्या भल्या माणसानं हे सगळं एकाच क्रियापदावर उरकलं होतं, गेट. आणि मला गेटचा एकच अर्थ ठाऊक होता, मिळणे. मी बिनधास्त लिहून टाकलं की म्हातारा सकाळी वर मिळाला, वाटेत ओला मिळाला, घरी मिळाला, आजारी मिळाला आणि बरा मिळाला. काहीतरी बिनसलंय हे लिहितानाच जाणवत होतं. पण म्हटलं, इंग्रजांचा म्हातारा आहे, मिळत असेल बापडा.

निकाल लागला. बाकीच्या विषयांत पास, इंग्रजीत दांडी गुल.

तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमच्या घरातली जुनी माणसं अजून मध्यप्रदेशाच्या गोष्टी सांगायची आणि मुंबई म्हणजे त्यांना विलायत वाटायची. पण नव्या राज्याला गावोगावच्या शाळांसाठी मास्तरणी पाहिजे होत्या, आणि मॅट्रिक झालेल्या पोरीला बुलढाण्याला ट्रेनिंगला घेत होते. जळगाव जामोदच्या वाटेवर आमचं गाव. तिथून मी बुलढाणा कधी पाहिलेलंही नव्हतं, तरी माझा सगळा जीव त्या बुलढाण्यात जाऊन बसला होता. वडिलांनी सरळ सांगितलं की ऑक्टोबरात आणखी एकदा बस. पास झालीस तर बुलढाणा, नाहीतर डोणगाव. डोणगावला काही ट्रेनिंग नव्हतं, तिथं माझ्यासाठी स्थळ होतं. ती मंडळी उन्हाळ्यातच मला पाहून गेली होती. मुलगा शिकलेला, घरची आडत, माणसं सभ्य. खोट काढायला जागाच नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

त्या पावसाळ्यात माझं बूड एका जागी टिकत नव्हतं. पुस्तक घेऊन बसले की पायाला मुंग्या येत, उठले की वाटे बसायला पाहिजे. अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून ओसरीवर, अशा माझ्या येरझारा चालत. आई म्हणायची की ही पोरगी चालून चालूनच डोणगावला पोचते आता. मला त्या विनोदाचं हसू येत नसे. गाइडात गेटचे अर्थ पान भरून दिले होते. ते मी पाठ करी आणि पानाच्या शेवटच्या ओळीवर आले की पहिली ओळ डोक्यातून गेलेली असे. एक दिवस मी ते गाइड भिरकावलं. ओसरीवर वहिनी तांदूळ निवडत होती, तिच्या सुपापाशी जाऊन पडलं.

वहिनी आमच्या घरात येऊन दुसरंच वर्ष होतं. मोठ्या भावाची बायको. मामाकडे खामगावला राहून शिकलेली. सून मॅट्रिक आहे, असं वडील बाजारात चारचौघांत सांगत आणि मिशीवरून हात फिरवीत. घरात मात्र तिचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. डोक्यावरचा पदर सारखा करत ती कामं उपसायची. तिनं गाइड उचललं, पदरानं पुसलं, उघडलं ते पान वाचलं आणि मिटून बाजूला ठेवलं.

"असं पाठ करून नाही येनार हे, बाई," ती म्हणाली. "ह्या शब्दाले सोताचं काहीच नाही. ज्याच्या शेजारी बसवला त्याचं काम करते. सुनेसारखा आहे. चुलीपाशी बसवली का रांधते, गोठ्यात धाडली का शेन काढते. मंग सुनेचा अर्थ काय, असं कोनी इचारते का?"

मी खो खो हसले. ती हसली नाही. तांदळातले खडे वेचत राहिली.

त्या दिवसापासून वहिनी मला शिकवायला लागली. पुस्तक तिनं हातात धरलं नाही. सकाळी मला हलवून गेट अप म्हणायची. पाणी आणायचं असलं की गेट वॉटर. मी चिडले की चुलीपाशी बसून शांतपणे म्हणायची, यू आर गेटिंग अँग्री, आणि मी आणखी चिडायची. गंमत अशी की दहा-पंधरा दिवसांत मला गेटचा अर्थ विचारायची गरजच पडेनाशी झाली. शेजारचा शब्द पाहिला की कळायचं. मला वाटायला लागलं, आता बुलढाणा काही लांब नाही.

पण आमची आई काही बहिरी नव्हती. सून आणि लेक चुलीपाशी कुजबुजतात, मध्येच फिदीफिदी हसतात, आणि बोलतात ते आपल्याला न कळणारं. कुठल्या सासूला हे गोड वाटेल? एका दुपारी आम्ही दोघी कशावरून तरी हसत होतो आणि आई दारात उभी. तिनं आवाज चढवला नाही. घरात सगळ्यांना कळेल असंच बोलायचं, ते गेट-बिट वावरात जाऊन करा, एवढंच म्हणाली आणि निघून गेली. वहिनीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून तिचं इंग्रजी एकदम बंद. मी आईशी भांडले, ताटावरून उठले, दोन दिवस तोंड फुगवून बसले. आईवर ढिम्म परिणाम झाला नाही. ऑक्टोबर जवळ येत होता.

मग पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, निंदण निघालं. आई म्हणाली होती वावरात करा. तिनं ते रागानं म्हटलं होतं, पण म्हटलं होतं ना? मी वहिनीला तेच सांगितलं आणि खुरपं घेऊन तिच्या शेजारची पात धरली.

पात म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. निंदायला बाया एका रांगेत बसतात. प्रत्येकीला कपाशीच्या दोन-तीन ओळी नेमून दिलेल्या, ती तिची पात. सगळ्या एकाच वेळी ह्या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतात. वावराच्या शेवटी बांध, आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात. जिची पात आधी संपते ती धुऱ्यावर टेकत नाही. ती मागं वळते, जी मागं राहिली असेल तिच्या पातीच्या दुसऱ्या टोकाला लागते आणि निंदत निंदत तिला येऊन मिळते. शेवटची पात पुरी झाल्याशिवाय कोणी भाकरीचं फडकं सोडायचं नाही. आमच्या वावरात हा नेम आईचा होता. ती स्वतः रांगेच्या पुढं असायची आणि तिची नजर मागं न बघता मागं असायची.

मी कायम मागं राहणारी. खुरपं चालवू की वाक्य जुळवू, दोन्ही एकदम जमत नसे. आणि कायम वहिनीच दुसऱ्या टोकाकडून मला भेटायला येत असे.

त्या मेल्या म्हाताऱ्यावर माझा दात होता, म्हणून वहिनीनं त्यालाच वावरात आणलं. रोज म्हाताऱ्याच्या अंगावर काहीतरी नवीन यायचं. म्हातारा थकला. म्हातारा बशीत चढला, चुकीच्या गावी उतरला. म्हातारा वाट चुकला. मी इंग्रजीत सांगायचं, वहिनीनं सुधारायचं. शेजारच्या पातीवरच्या बाया कान देऊन ऐकत. शेवटी एकीनं विचारलंच की त्या बुढ्याचं काय करून राह्यल्या तुम्ही. मग मला ते वऱ्हाडीत पुन्हा सांगावं लागे. ज्या दिवशी म्हाताऱ्याचं लग्न झालं त्या दिवशी बायांनी खुरपी टाकून हसून घेतलं आणि त्याच्या बायकोचं वय विचारलं. दुसऱ्या दिवसापासून वावरात पाय टाकला की पहिला प्रश्न तोच, आज बुढ्याचं काय? आई पुढं पाठमोरी निंदत असायची. तिनं कधी विचारलं नाही, कधी मान वळवली नाही. माझी खात्री होती की हिच्या कानावर यातलं काही पडतच नाही, आणि पडलं तरी हिला त्याचं काय.

पेपर तोंडावर आला तशी माझी झोप उडाली. एका दुपारी वहिनी माझी पात पुरी करत मला येऊन भिडली, तेव्हा मी तिला विचारलं की तुमच्या वेळी पेपरात गेट आलं होतं का, किती मार्क पडले होते. ती खुरप्याची माती अंगठ्यानं काढत राहिली.

"माहा पेपर माह्या हळदीच्या दिवशी होता," ती म्हणाली. "मी बसलीच नाही."

मला आधी समजलंच नाही. मग हळूहळू तिनं सांगितलं. मुहूर्त आमच्याच घरानं काढला होता, नेमका परीक्षेच्या आठवड्यात. तिच्या मामानं सुपारी फुटताना विचारलं होतं की एवढा पेपर होऊ द्या. वडील म्हणाले होते की मुहूर्त गेला तर वर्षभर मुहूर्त नाही, परीक्षा काय पळून जाते, लग्नानंतर आम्ही बसवू. चारचौघांत शब्द दिला होता. लग्न झालं, मी त्या लग्नात जिलब्या हाणल्या, नवी चोळी घालून मिरवले. आणि पुढं परीक्षेचं नाव कोणी काढलं नाही. उलट वडील बाजारात तिला मॅट्रिक म्हणून मोकळे झाले.

मला भयंकर संताप आला. मी खुरपं टाकलं आणि उभीच राहिले, तडक घरी जाऊन वडिलांना जाब विचारायचा म्हणून. तिनं मातीच्या हातानं माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं. आधी तुमचा पेपर, म्हणाली, मग भांडा. आत्ता भांडलात तर दोघींचं जाईल. मी बसले, पण त्या दिवशी मी तण कमी आणि कपाशीच जास्त उपटली असेल.

ऑक्टोबरच्या परीक्षेत मी पास झाले. वडिलांनी पेढे वाटले, डोणगावला निरोप गेला. पुढच्या जूनमध्ये माझी ट्रंक बशीच्या टपावर चढली तेव्हा वहिनी दारात उभी होती, दिवस भरत आलेले. आई शेजारीच असताना ती मला इंग्रजीत म्हणाली, नाऊ गेट गोइंग. मला रडू फुटलं. आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

बुलढाण्याला सगळं मनासारखं होतं. वसतिगृह, मैत्रिणी, घाटावरची गार हवा. तरी माझं मन थाऱ्यावर नसायचं. वर्गात क्रियापदं कशी शिकवावीत यावर बाई बोलायला लागल्या की मला चुलीपाशी बसलेली वहिनी दिसायची आणि पुढचं ऐकू यायचं नाही. जिनं मला धुऱ्यापर्यंत आणलं तिची पात तिथंच पडून होती, आणि मी मजेत भाकरीचं फडकं सोडून बसले होते. ऑक्टोबरच्या परीक्षेचे अर्ज सुरू झाल्याचं कळलं आणि मला राहवेना. पोळ्याच्या सुट्टीला घरी आले ती भांडायच्या तयारीनंच.

निंदण चालूच होतं. वहिनीचं लेकरू धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपलेलं. मी पात धरली, पण हात शहरी झाले होते. बाकीच्या सगळ्यांच्या पाती संपल्या तरी माझी अर्ध्यावरच. बायांना भुका लागल्या होत्या, ऊन चढलं होतं, आणि तेवढ्यात वडील काम पाहायला आले. त्यांनीच बायांना भाकरी खायला बसवलं, आईचा नेम मोडून. आई तेवढी वावरात उभी राहिली. मला तेवढं निमित्त पुरलं. पात तशीच टाकून मी धुऱ्यावर गेले आणि बायांच्या देखत वडिलांना विचारलं की वहिनीला परीक्षेला बसवायचं कधी.

वडील आधी हसले. मग म्हणाले की पदरात लेकरू आहे, आता काय परीक्षा. मी म्हटलं की तुम्ही शब्द दिला होता. ते म्हणाले की बोलण्यात असं पुष्कळ जातं, आणि सुनेला काय मास्तरकी करायची आहे? माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. चार अक्षरं शिकली तर बापाले शिकवायले लागली, असं ते म्हणाले. वहिनी मान खाली घालून हातातल्या भाकरीचा तुकडा मोडत होती, पण तो तोंडात जात नव्हता. झोळीतलं लेकरू रडायला लागलं आणि कोणी उठेना.

आई वावरातून धुऱ्याकडे आली. तिचं खुरपं अजून हातातच होतं.

"सुपारी फुटली तवा मी तिथंच बसून होती," ती वडिलांना म्हणाली. "बसवू, हे तुमच्याच तोंडचं आहे. अर्धी पात टाकून मी कोनाले धुऱ्यावर बसू देत नाही. घरच्या सुनेची टाकून मी दोन वर्सं बसली, तेच लय झालं. लेकरू मी पाहीन."

वडिलांनी सातपुड्याकडे पाहिलं. पाऊस येते वाटते, असं पुटपुटले आणि गाडीकडे चालू लागले. आमच्या घरात ह्याला हो म्हणतात. वहिनीनं वर पाहिलंच नाही. हातातली भाकरी फडक्यात ठेवून ती उठली, माझ्या राहिलेल्या पातीच्या पल्याडच्या टोकाला गेली आणि निंदायला बसली. मी अलीकडून लागले. मधोमध भेटलो तेव्हा तिचे गाल ओले होते, आणि माझेही.

तिचा निकाल हिवाळ्यात लागला आणि चांगला लागला. पण मला निकालाचा दिवस तितका आठवत नाही, पेपरचा आठवतो. खामगावच्या शाळेचं पटांगण, कडुनिंबाची सावली. मी सुट्टी काढून आले होते. आई लेकराला घेऊन आलेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठल्या शाळेच्या फाटकाच्या आत आली होती. पेपर सुरू झाल्याची घंटा झाली आणि आईचं बूड टिकेना. लेकराला खांद्यावर घेऊन ती झाडाखालून भिंतीपर्यंत, भिंतीपासून झाडापर्यंत चालत राहिली. मी म्हटलं बस, तर म्हणाली की लेकरू झोपत नाही. लेकरू केव्हाच झोपलं होतं. माझं चालणं कुठून आलं ते मला त्या दिवशी कळलं.

घंटा झाली. पोरं बाहेर पडली, शेवटी वहिनी आली. बोटाला शाई, कपाळावर घाम, डोक्यावरचा पदर कधीचा खाली पडलेला. मी विचारायला तोंड उघडलं, पण आई माझ्या पुढं झाली. पेपर कसा गेला, किती लिहिलं, हे प्रश्न तिच्या जिभेवर कुठून येणार? तिनं लेकरू वहिनीच्या हातात दिलं, तिचा पदर वर ओढून नीट केला आणि विचारलं,

"पोचला का वो म्हातारा घरी?"

वहिनीनं लेकराच्या अंगात तोंड खुपसलं.

"पोचला, आत्याबाई," ती म्हणाली. "भिजला, पन पोचला."